घरातील तीन रोपे : जर्मनीने दिलेली मुभा आणि भारतीय नागरिकाला लागू असलेला कायदा

नवी दिल्ली : जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या उपयोगासाठी राहत्या घरी गांजाची तीन रोपे लावता येतात. तेथे शिक्षण वा नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयाला ही मुभा ऐकताच खोलीचा एखादा कोपरा, वर एक दिवा आणि खाली तीन कुंड्या एवढाच बेत डोळ्यांपुढे येण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात त्या कोपऱ्याची आखणी जागेच्या मापाआधी कायद्याच्या मापाने करावी लागते. आखणी करणारी व्यक्ती भारताची नागरिक असेल, तर तिला एक नव्हे, दोन देशांचे कायदे लागू होतात आणि त्यांपैकी दुसऱ्याची जाणीव फार थोड्यांना असते.

जर्मन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे बुंडेस्टागने, 23 फेब्रुवारी 2024 रोजी हा कायदा संमत केला. काळ्या बाजाराला आळा घालणे आणि अल्पवयीनांचे संरक्षण करणे, ही त्याची उद्दिष्टे असल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख यांनी वारंवार सांगितले होते. कायद्याने दुकानांतील विक्रीला परवानगी दिलेली नाही. घरातील लागवड आणि सभासदांपुरती लागवड करणाऱ्या, कमाल 500 सदस्यांच्या ना-नफा संघटना, असे दोनच मार्ग त्याने खुले केले. सार्वजनिक ठिकाणी 25 ग्रॅम आणि घरात वाळवलेला 50 ग्रॅम गांजा बाळगता येतो.

तीन रोपांची मर्यादा घरामागे नसून प्रौढ व्यक्तीमागे आहे. एकाच सदनिकेत तीन प्रौढ राहत असतील, तर कायद्याच्या दृष्टीने तेथे नऊ रोपे असू शकतात. कॅनडात याच्या उलट स्थिती आहे. तेथील केंद्रीय कायद्याने ऑक्टोबर 2018 पासून एका घराला चार रोपांची मर्यादा घातली आहे, मग त्या घरात माणसे कितीही असोत. क्यूबेक प्रांताने तर घरगुती लागवडीवर पूर्ण बंदी घातली आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ती वैध ठरवली. माल्टा आणि लक्झेंबर्ग या युरोपीय देशांतही हिशेब घरामागे चार रोपांचाच आहे. एका देशात राहणाऱ्या मित्राचा अनुभव दुसऱ्या देशात प्रमाण मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

जर्मनीत ही मुभा मिळण्यासाठी तेथे किमान सहा महिने वास्तव्य असावे लागते. पहिल्या सत्रासाठी नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्याला ती नाही. ही अट भारतीयांच्या दृष्टीने किरकोळ नाही, कारण जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आज भारतीयांचा आहे. 2023-24 च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या 49 हजारांहून अधिक होती.

त्यानंतर प्रश्न येतो कुलपाचा. रोपे, बी आणि काढलेले पीक मुले, किशोरवयीन आणि अन्य कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीच्या हाती लागणार नाही, अशी तजवीज करण्याचे बंधन कायद्याने लागवड करणाऱ्यावर घातले आहे. यातील ‘त्रयस्थ’ हा शब्द भागीदारीच्या सदनिकेत राहणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. सामायिक स्वयंपाकघराची खिडकी किंवा सर्वांच्या वापरातील सज्जा ही सोयीची जागा वाटली, तरी सुरक्षित जागा ठरत नाही. कुलूप लावता येईल अशी स्वतंत्र खोली किंवा बंद कपाट हाच सरळ मार्ग आहे. कुंभार तयार करण्यापूर्वी खापराची किंमत ठरवावी, तसे रोप आणण्यापूर्वी कुलूप ठरवावे लागते. पीक दुसऱ्याला देण्यासही मनाई आहे, मग ते फुकट का असेना. सहनिवासी मित्राला आपुलकीने दिलेली चिमूटही कायद्याच्या लेखी हस्तांतरण असते. तीनपेक्षा अधिक रोपे एकाच वेळी वाढवणे हा तर फौजदारी गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो.

घरातील साठ्याची 50 ग्रॅमची मर्यादा आणि तीन रोपांची मुभा यांचा मेळ मात्र कायदा करणाऱ्यांना नीटसा घालता आलेला नाही. चांगल्या वाढलेल्या तीन झाडांचे पीक वाळल्यानंतर 50 ग्रॅमपेक्षा सहज अधिक भरू शकते. जास्तीचा माल नष्ट करण्याची जबाबदारी लागवड करणाऱ्याची असते. विकता येत नाही, देता येत नाही आणि ठेवताही येत नाही, असे हे उत्पन्न आहे. जागेची आखणी मोठी करण्यात शहाणपण नाही, याचे कारण येथे आहे.

बंदिस्त जागेतील व्यावहारिक अडचणी वनस्पतीच्या स्वभावातून येतात. गांजा ही लहान दिवसांची वनस्पती आहे. दीर्घ उजेडात ती वाढत राहते आणि रात्र सुमारे 12 तासांपर्यंत लांबली की फुलोऱ्याकडे वळते. घरात हा ऋतुबदल दिव्यांनी घडवावा लागतो आणि त्याची किंमत विजेच्या देयकात उमटते. 100 वॅटचा दिवा दररोज 18 तास जळला, तर महिन्याला 54 युनिट वीज लागते. जर्मनीत घरगुती विजेचा दर युनिटमागे साधारण 40 सेंट धरल्यास केवळ त्या दिव्याचा मासिक खर्च 21 युरोंच्या पुढे जातो. पंखा आणि हवा शुद्ध करणारे यंत्र यांचा खर्च निराळा. एकाच जोडपट्टीवर दिवा, पंखा आणि तापक लावणे व शेजारी पाण्याची झारी ठेवणे हे आगीला आणि विजेच्या धक्क्याला आमंत्रण आहे.

त्याहून मोठा प्रश्न ओलाव्याचा. हिवाळ्यात खिडक्या बंद असलेल्या जर्मन घरांत भिंतींना बुरशी लागणे ही भाडेकरू आणि घरमालक यांच्यातील वादाची जुनी बाब आहे. कुंड्यांतील पाणी आणि पानांतून बाहेर पडणारे बाष्प त्यात भर घालतात. दाट फुलोऱ्यात हवा खेळली नाही, तर करडी बुरशी आतून शिरते व बाहेरून लवकर दिसत नाही. द्राक्षबागायतदारांना परिचित असलेला भुरीसारखा रोगही या वनस्पतीला होतो. अशा वेळी बुरशीनाशकाची फवारणी करून पीक वाचवण्याचा मोह होतो. पण जे पुढे जाळून त्याचा धूर श्वासात घ्यायचा, त्यावर फवारलेले रसायनही फुप्फुसात जाते. बुरशी लागलेले पीक टाकून देणे हाच सुरक्षित पर्याय आहे.

फुलोऱ्याचा उग्र वास दाराखालून जिन्यापर्यंत पोहोचतो. शेजाऱ्यांना असह्य उपद्रव होऊ नये, अशी अट कायद्यातच असल्यामुळे वासाचा बंदोबस्त, म्हणजे सक्रिय कोळशाची गाळणी बसवलेला बहिर्वाही पंखा, हा चैनीचा भाग राहत नाही. भाड्याच्या घरात भाडेकरार आणि वसतिगृहात तेथील नियमावली आधी वाचणे आवश्यक आहे. देशाने दिलेली मुभा भिंतीला पडलेल्या डागाची भरपाई करत नाही.

घरचे पीक म्हणजे निर्धोक पीक, या समजुतीलाही आधार नाही. लागवड संघटनांनी 18 ते 21 वर्षे वयाच्या सदस्यांना द्यावयाच्या गांजात टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण 10 टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, असे बंधन आहे. मेंदूची जडणघडण विशीनंतरही चालू असते, हे त्यामागील कारण. घरातील कुंडीला असे कोणतेही मोजमाप नाही. त्याच वयाचा विद्यार्थी किती तीव्रतेचा पदार्थ घेत आहे, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. वाहन चालवणाऱ्यांसाठी रक्तद्रवातील टीएचसीची मर्यादा ऑगस्ट 2024 पासून प्रति मिलीलिटर 3.5 नॅनोग्रॅम आहे, तर 21 वर्षांखालील आणि नवख्या चालकांना पूर्ण मनाई आहे.

आता भारतीय कायद्याकडे वळू. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985, म्हणजेच एनडीपीएस कायदा, गांजाच्या कोणत्याही झाडाच्या लागवडीस मनाई करतो. त्यातील कलम 20 नुसार लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जप्त गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे ‘अल्प प्रमाण’ आणि 20 किलोंचे ‘व्यापारी प्रमाण’ असा फरक केला जातो व त्यानुसार शिक्षा बदलते. लागवडीच्या तरतुदीत असा फरक नाही. कुंडीतील एकच झाडही तिच्या कक्षेत येते. ‘स्वतःपुरते’ हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रेटर नोएडातील एका सदनिकेत कृत्रिम प्रकाशात चाललेली लागवड पोलिसांनी उघडकीस आणली, तेव्हा हा प्रकार केवळ परदेशापुरता राहिलेला नाही, हे दिसून आले.

भांगेची परवानाधारक दुकाने काही राज्यांत आहेत, मग झाड लावले तर काय बिघडले, असा प्रश्न हमखास विचारला जातो. कायद्यातील गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती आहे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बी तिच्यात येत नाहीत. त्यामुळे भांगेला जागा मिळाली. झाडाच्या लागवडीला मात्र ही सवलत नाही. आपोआप उगवलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आरोपीने लागवड केल्याचा पुरावा नसल्याने आणि झाडे नैसर्गिकरीत्या उगवलेली असू शकत असल्याने त्याला दोषमुक्त केले होते. दिव्याखाली वाढवलेल्या रोपाला असा संशयाचा फायदा मिळण्याची शक्यता उघडच नाही.

परदेशस्थ भारतीयांसाठी सर्वांत महत्त्वाची तरतूद कायद्याच्या पहिल्याच कलमात आहे. हा कायदा भारताबाहेरील भारतीय नागरिकांनाही लागू आहे. जर्मनीत कायदेशीर असलेल्या तीन रोपांसाठी भारतात खटला चालवायचा झाल्यास केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, ही प्रक्रियेची अट मोठी आडकाठी आहे, यात शंका नाही. तरीही पारपत्र भारताचे असेपर्यंत जर्मन मुभा म्हणजे भारतीय कायद्याची संमती नव्हे. आपल्या लागवडीची छायाचित्रे समाजमाध्यमांवर नावानिशी टाकणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

सीमा ओलांडण्याच्या बाबतीत संदिग्धता मुळीच नाही. घरच्या पिकातील एक ग्रॅमही जर्मनीबाहेर नेता येत नाही, शेजारच्या युरोपीय देशातही नाही. बी टपालाने मागवता येते, पण केवळ युरोपीय संघाच्या सदस्य देशांतून; भारतातून पाठवलेल्या बियाण्याला ही सवलत लागू नाही. भारतात उतरताना सामानात गांजा सापडल्यास आयातीचा गुन्हा दाखल होतो आणि तो जेथे घेतला तेथे कायदेशीर होता, हे सांगून सुटका होत नाही. बँकॉकहून ‘हायड्रोपोनिक’ गांजा आणणाऱ्या प्रवाशांवर मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाने अलीकडच्या काळात अनेकदा कारवाई केली आहे. माती न वापरता वाढवलेल्या या गांजाला कायद्यात वेगळे स्थान नाही.

जर्मनीतील मुभाही कायमची गृहीत धरता येत नाही. 2025 मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने आपल्या करारात या कायद्याचे खुल्या मनाने मूल्यमापन करण्याचे नमूद केले असून, आघाडीतील मोठ्या भागीदाराने, ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने, या कायद्याला सुरुवातीपासून विरोध केलेला आहे.