डोळ्यांत दिवा नसतो

पडेगावहून दौलताबादकडे जाताना रात्री गाडीच्या उजेडात झुडपाआडून दोन हिरवट ठिपके लकाकतात. मांजर असेल, कुत्रा असेल, एखादा कोल्हा असेल. गाडीतले कोणीतरी हमखास म्हणते, 'डोळे बघ कसे पेटलेत!' रात्री हिंडणाऱ्या जनावराच्या डोळ्यांतून उजेड निघतो आणि त्याच उजेडात त्याला दिसते, ही समजूत आजची नाही. न्यायसूत्रांमध्ये डोळ्यातून किरण निघून वस्तूपर्यंत पोचतात असे मानले आहे आणि त्याला पुरावा म्हणून निशाचरांच्या डोळ्यांतले किरण प्रत्यक्ष दिसतात असेही सांगितले आहे. ग्रीसमध्ये प्लेटोचे मत याच वळणाचे होते. प्रकाश वस्तूवरून निघून डोळ्यात शिरतो, हे अकराव्या शतकात इब्न अल-हैथम यांनी प्रयोग करून नीट मांडले.

मग ते लकाकणे कसले? मांजर, बिबट्या, कुत्रा, गाय, हरीण यांच्या दृष्टिपटलामागे एक चकचकीत थर असतो. त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश या थरावर आपटून परत फिरतो आणि पेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. त्यातूनही उरलेला प्रकाश बाहेर येतो, तोच आपल्याला दिसतो. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या चकाकत्या खुणांना 'कॅट्स आय' म्हणतात ते यामुळेच. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली त्यांचे पेटंट घेतले.

हे घरच्या घरी पडताळता येते. रात्री बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर फिरवा. हिऱ्याच्या कणीएवढे हिरवे-निळे ठिपके चमकतील. ते जमिनीवर फिरणाऱ्या लांडगा-कोळ्यांचे डोळे असतात. आता बॅटरी कमरेपाशी आणा, ठिपके विझतात. डोळ्यात खरोखर दिवा असता तर बॅटरी कुठे धरली याने काय फरक पडला असता?

माणसाला, माकडाला आणि डुकराला हा थर नाही. फोटोत आपले डोळे लाल येतात ते डोळ्याच्या मागच्या भागातल्या रक्तवाहिन्यांमुळे. थराची किंमतही मोजावी लागते. परत फिरणारा प्रकाश थोडा विखुरतो, त्यामुळे चित्र आपल्याइतके रेखीव उमटत नाही. मांजराला आपल्यापेक्षा सुमारे सहापट मंद उजेड पुरतो, पण उजेड लागतोच. दौलताबादच्या किल्ल्यातल्या 'अंधारी' या काळोख्या भुयारी वाटेत मशाल-बॅटरीविना मांजर सोडले तर तेही आपल्यासारखेच चाचपडेल. तिथे ज्यांचे काही अडत नाही ती वटवाघळे. ती आंधळी असतात हा आणखी एक गैरसमज. एकाही जातीचे वटवाघूळ आंधळे नाही. कीटक खाणारी वटवाघळे आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात आणि डोळेही वापरतात. मोठी फलाहारी वटवाघळे तर मुख्यतः नजरेवर आणि वासावर जगतात. घुबडाचेही तेच. पिंगळ्याला दिवसा दिसत नाही असे म्हणणाऱ्याने भर दुपारी त्याच्या ढोलीजवळ जावे. आपण त्याला पाहण्याआधी त्याने आपल्याला पाहिलेले असते.

नागमणी

नागाच्या डोक्यावर स्वतःच्या उजेडाने चमकणारा मणी असतो, या विषयात सर्वाधिक नुकसान करणारी समजूत हीच. 'मणी' विकणारे भोंदू अजून फिरतात आणि माणसे फसतात. एका मण्याच्या लोभापायी साप मारले जातात, म्हणून हे ठणकावून सांगायला हवे. स्वतः प्रकाश निर्माण करणारा साप जगात नाही. नागच काय, एकही सरपटणारा प्राणी, बेडूक, पक्षी किंवा सस्तन प्राणी तसा प्रकाश देत नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये ही कला फक्त माशांकडे आहे, त्यात काही शार्कही येतात.

रात्री गवतात स्थिर हिरवट ठिपका दिसला तर ती बहुधा काजव्याची अळी असते. आणि अतिनील बॅटरीच्या उजेडात खडकाच्या फटीत काही निळे-हिरवे झगमगले तर तो विंचू. विंचवाचा प्रकाशही त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या कवचातली रसायने अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या रंगात परत सोडतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. मेलेला, अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलेला विंचूसुद्धा असाच चमकतो आणि नुकतीच कात टाकलेला जिवंत विंचू चमकत नाही. जैवप्रकाश ही वेगळी गोष्ट आहे. तिथे प्राणी स्वतःच्या शरीरात रसायन खर्चून उजेड तयार करतो.

काजवा काय करतो

मे संपता संपता संभाजीनगरची मंडळी शिर्डी, संगमनेर, अकोले करत भंडारदऱ्याला काजवे पाहायला जातात. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडे लखलखत असतात. काजवे पावसाच्या स्वागताला दिवे लावतात, असे तिथे ऐकायला मिळते. पण हा त्यांच्या जोडीदाराच्या शोधाचा काळ आहे. उडणारा नर ठराविक तालात चमकतो आणि मादी बसल्या जागेवरून तिच्या तालात उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. त्याआधीचा मोठा काळ तो अळी म्हणून जमिनीवर गोगलगायी आणि गांडुळे खात काढतो. त्या अळ्याही चमकतात, पण प्रेमासाठी नव्हे. 'मी बेचव आहे, खाऊ नका' असा तो इशारा आहे. दिवा आधी अळीचा होता आणि प्रौढांनी तो नंतर जोडीदाराच्या शोधासाठी वापरला, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

काजव्यात फॉस्फरस जळतो हे चूक. त्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज हे विकर, ऑक्सिजन आणि पेशींचे इंधन असलेले एटीपी यांच्या साहाय्याने ते प्रकाश देते. ही दोन्ही नावे फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल दुबुआ यांनी एकोणिसाव्या शतकात दिली. प्रकाश थंड असतो हे खरे, पण 'शंभर टक्के कार्यक्षम दिवा' ही अतिशयोक्ती आहे. पूर्वी ८८ टक्के हा आकडा सांगितला जाई. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी काटेकोर मोजले तेव्हा तो ४१ टक्के निघाला, म्हणजे शंभर रेणू खर्ची पडले तर ४१ प्रकाशकण. मला तरी त्याने काजव्याचे मोल तसूभरही कमी झाल्यासारखे वाटत नाही.

हे विकर आले कुठून? काजव्याच्या पूर्वजांच्या शरीरात मेदाम्लांवर काम करणारे एक साधे विकर होते. त्याच्यात बदल होत होत ते प्रकाश देऊ लागले. उत्क्रांती नवे यंत्र कोऱ्या कागदावर आखत नाही, हाताशी असलेलेच वळवते. म्हणूनच जैवप्रकाश जीवसृष्टीत एकदाच जन्मला असेही नाही. अलीकडच्या मोजदादीनुसार तो किमान ९४ वेळा स्वतंत्रपणे उगवला. कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या पेटतात ते नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवामुळे. तो प्राणीही नाही आणि काजव्याचा नातेवाईकही नाही.

दिवा आणि डोळा

प्रकाश पाहणारा कोणी नसेल तर तो देण्यात अर्थ काय? मऊ प्रवाळांच्या अभ्यासातून २०२४ मध्ये असे दिसले की प्राण्यांमधला जैवप्रकाश सुमारे ५४ कोटी वर्षे जुना आहे. डोळस प्राणी समुद्रात अवतरले तोही साधारण हाच काळ. काजव्यांत ही जोडी अगदी स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अभ्यासात आढळले की तिन्हीसांजेला उडणाऱ्या बऱ्याच जाती पिवळा प्रकाश देतात, कारण त्या वेळी पानांवरून परतणाऱ्या हिरव्या उजेडात हिरवा दिवा बुडून जातो. काळोखात उडणाऱ्या बहुतेक जातींचा दिवा हिरवा असतो. आणि प्रत्येक जातीच्या डोळ्याची संवेदना आपल्या दिव्याच्या रंगाशी जुळलेली असते. खोल समुद्रात तर याची कमाल आहे. तिथल्या बहुतेक माशांना फक्त निळे दिसते. पण मॅलॅकोस्टियस नावाचा मासा लाल प्रकाश सोडतो आणि तो त्याला स्वतःला दिसतो. भक्ष्याला कळतही नाही की आपल्यावर उजेड पडला आहे.

'पण डोळ्यासारखी गुंतागुंतीची वस्तू आपोआप कशी घडेल? अर्धा डोळा काय कामाचा?' हा प्रश्न मनापासून विचारला जातो, तेव्हा उत्तरही मनापासून द्यायला हवे. डोळा नैसर्गिक निवडीने घडला हे प्रथमदर्शनी अशक्य वाटते असे डार्विन यांनी १८५९ मध्ये लिहिले खरे. लोक तेवढेच सांगतात. पुढे त्यांनी तो कसा घडू शकतो हे पायरीपायरीने मांडले आहे, ते कोणी वाचत नाही.

त्या पायऱ्या आपल्या शेतातच आहेत. गांडुळाला डोळे नाहीत, पण त्वचेत प्रकाश जाणवणाऱ्या पेशी आहेत. ऊन लागले की ते मातीत शिरते. २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायीच्या शिंगांच्या टोकांवर साधे डोळे असतात. उजेड-अंधार आणि ढोबळ आकार एवढेच तिला कळते आणि तेवढे तिला पुरते. असा प्रत्येक 'अर्धा' डोळा आपल्या धन्याच्या पूर्ण कामाचा आहे. स्वीडनचे डॅन-एरिक निल्सन आणि सुसॅन पेल्गर यांनी १९९४ मध्ये हिशोब केला. प्रत्येक पायरीला फक्त एक टक्का बदल धरला, तरी सपाट पेशींच्या ठिपक्यापासून माशासारखा भिंगाचा डोळा घडायला चार लाखांहून कमी पिढ्या लागतात. पृथ्वीच्या इतिहासात हा काळ नगण्य आहे.

ही वाट नेहमी चढतीच असते असे नाही. पावसाळ्यात दिसणारा, गांडुळासारखा वाळा साप डोळस पूर्वजांचा वंशज आहे. जमिनीखाली राहता राहता त्याचे डोळे खवल्यांखाली गेले आणि आता तो जेमतेम उजेड ओळखतो. माणसाचा डोळा सर्वांत श्रेष्ठ, हेही खरे नाही. आपल्या दृष्टिपटलाच्या नसा पुढच्या बाजूने निघतात आणि एका छिद्रातून मागे जातात, तिथे आपल्याला काहीच दिसत नाही. ऑक्टोपसच्या डोळ्यात नसा मागूनच जातात, त्याला असा अंधबिंदू नाही. बहुतेक पक्ष्यांना आपल्यापेक्षा एक रंगपेशी जास्त असते. आणि बैल लाल कापडाला बुजतो म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याला लाल-हिरव्यातला फरकच धड कळत नाही. तो बुजतो फडफडणाऱ्या हालचालीला.

काजव्यांचे दिवे अंधारातच कामाचे असतात. आपल्या उजेडात मादीला नराची खूण दिसत नाही, जोडी जमत नाही आणि पुढच्या वर्षी झाड रिकामे राहते. तेव्हा यंदा भंडारदऱ्याला गेलात तर गाडीचे दिवे आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा, झाडाखालची माती तुडवू नका आणि काजवे बाटलीत भरू नका. आणि कोणी नागमणी विकायला आला, तर त्याला पोलिसांच्या हवाली करा.