नाटकं नाहीत ही, पाय खरंच भरतो!

पहाटेचे पाच. मेहकर तालुक्यातलं जानेफळ असो की शेजारचं कुठलंही गाव, भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी या वेळी धावायला निघतात. तुम्हीही त्यातलेच? मग हे वाचाच.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. इथे सेकंदावर मार्क जातात. आणि तुमचं मात्र रोज ठरलेल्या अंतरावर गाडं अडतं. नडगीच्या बाजूचा भाग किंवा पोटरी दगडासारखी टणक होते, पाऊल बधिर पडतं. थांबलं की थोड्या वेळात सगळं ओके! मित्र म्हणतात, ‘नाटकं करतोय.’ घरचे म्हणतात, ‘तेल लाव.’ एक्स-रेसुद्धा नॉर्मल!

या दुखण्याचं एक कारण असू शकतं ‘क्रॉनिक एक्झर्शनल कम्पार्टमेंट सिंड्रोम’. गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात, त्यांच्याभोवती ‘फॅसिया’ नावाचं चिवट आवरण. धावताना रक्तपुरवठा वाढून स्नायू फुगतात, पण आवरण फारसं ताणत नाही. मग आतला दाब वाढतो, स्नायू आणि नसा दबतात. विश्रांती घेतली की दाब उतरतो.

प्रत्येक दुखणं हेच असतं असं नाही. नडगीच्या आतल्या कडेला हाड दाबल्यावर दुखत असेल, तर ‘शिन स्प्लिंट’ असू शकतो. एकाच बिंदूवर, बसल्या-झोपल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. आणि मार लागल्यावर पाय फुगून वेदना वाढतच गेली, तर ती इमर्जन्सी. तडक दवाखाना गाठा.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना वहीत लिहून न्या : किती मिनिटांनी दुखायला लागतं, नेमकं कुठे, थांबल्यावर किती वेळात राहतं. धावण्याआधी आणि नंतर सुईने कप्प्यातला दाब मोजून निदान पक्कं करतात. धावणं कमी करणं, टाचेऐवजी चवड्यावर पाऊल टाकायला शिकणं, याने काहींना फरक पडतो. नाहीच भागलं तर आवरण कापून मोकळं करण्याची शस्त्रक्रिया असते. त्यानंतर पुन्हा धावायला काही आठवडे ते महिने लागतात.

म्हणूनच ग्राउंडची तारीख लागेपर्यंत थांबू नका. दात-ओठ खाऊन पळण्याने हा दाब कमी होत नाही. आणि शेजारी धावणारा मित्र पाय धरून बसला, तर त्याला हसण्याआधी एवढंच विचारा, ‘रोज इथेच दुखतं का रे?’