रानातला कोंबडा, दारातली कोंबडी

कोंबडीविषयी आपण पांढरपेशे लोक फारसा विचार करीत नाही. जे खातात ते तिच्या चवीचा विचार करतात. जे खात नाहीत ते तिच्या वासाचा! आमच्या पनवेलीत गटारीच्या दिवशी कोंबडीच्या दुकानापुढे जी रांग लागते, तिच्यातल्या कुणालाही विचारा, की ही कोंबडी आली कुठून? 'पोल्ट्रीतून' हे उत्तर ठरलेले. पण पोल्ट्रीत ती कुठून आली, या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर पनवेलहून अवघ्या दहा-बारा किलोमीटरांवर, कर्नाळ्याच्या रानात, आजही रोज पहाटे आरवत असते.

हा करडा रानकोंबडा. सह्याद्रीचा आणि दक्षिणेचा रहिवासी. त्याची बांग आपल्या कोंबड्यासारखी ऐसपैस नसते; तुटक आणि घाईची असते. मानेच्या पिसांवर मात्र लाखेचे थेंब सांडावेत तसे चकचकीत पिवळसर ठिपके असतात. याच ठिपक्यांनी त्याचा घात केला. विलायतेतले शौकीन लोक गळाला लावण्यासाठी पिसांच्या खोट्या माश्या बनवीत, आणि त्यांना या मानेची पिसे फार प्रिय. पिसांसाठी पाखरे इतकी मारली जाऊ लागली, की १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारला रानपक्ष्यांची पिसे परदेशी पाठविण्यावर बंदी घालावी लागली.

योगायोग असा, की त्याच वर्षी, १९०२ मध्ये, केंब्रिजच्या विल्यम बेटसनने कोंबड्यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेंडेल या पाद्र्याने वाटाण्याच्या वेलांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधले होते. ते प्राण्यांनाही लागू पडतात, हे बेटसनने दाखविले ते कोंबड्याच्या तुऱ्यावरून. बसक्या तुऱ्याची जात आणि करवतीसारख्या उभ्या तुऱ्याची जात यांची पहिली पिल्ले सगळी बसक्या तुऱ्याची निघाली; त्यांच्या पिल्लांत मात्र चारांत एक या हिशेबाने उभा तुरा पुन्हा डोके वर काढू लागला. आजीचे नाक नातीला कसे येते, याचा उलगडा असा खुराड्यात झाला!

नॉर्वेमध्ये शेल्डेरुप-एब्बे नावाचा एक मुलगा तर लहानपणापासूनच घरच्या कोंबड्यांची वही ठेवीत असे. कोण कुणाला चोच मारते, आणि कोण मुकाट्याने मार खाते, एवढेच तो टिपी. १९२१ मध्ये त्याने जगाला सांगितले, की प्रत्येक कळपात एक उतरंड असते आणि प्रत्येक कोंबडीला आपली पायरी ठाऊक असते. कचेरीत नोकरी करणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पण शास्त्राला ही गोष्ट नवी होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९८१ मध्ये रायगड झाला तो तेव्हाचा कुलाबा जिल्हा. १९३० मध्ये सालिम अली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तेव्हा त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती. ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले आणि पावसाळाभर त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर पाळत ठेवली. त्यांना दिसले ते असे: घरटे विणतो नर. ते अर्धे झाले, की मादी पाहणीला येते. पसंत पडले तरच ती आत राहायला येते आणि नर ते पुरे करतो. अंडी पडली, की हे गृहस्थ दुसरे घरटे विणायला आणि दुसरे बिऱ्हाड थाटायला मोकळे!

मी मराठी शिकवतो, म्हणून मला याची गंमत अधिक वाटते. आपल्या भाषेने या पाखराला 'सुगरण' असे बाईचे नाव दिले. बहिणाबाईंनीही खोप्याचे कौतुक केले ते तिचेच. भाषेने श्रेय एकीला दिले, कष्ट दुसऱ्याचे निघाले. संसारात सहसा याच्या उलटच घडते!

रानपाखरांचा अभ्यास आणि कोंबड्यांचा अभ्यास हे दोन प्रवाह पुढे कितीतरी वर्षे वेगळे वाहत राहिले. डार्विनने १८६८ मध्ये सांगितले होते, की पाळीव कोंबडी एकट्या लाल रानकोंबड्याची लेक. आणि तो लाल कोंबडा हिमालयाच्या पायथ्याचा, पूर्वेकडचा. आमच्या करड्याला या घराण्यात जागा नव्हती. पण २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे आणि पिवळ्या पायांचे मूळ शोधले, तेव्हा ते लाल कोंबड्यात मिळेना. मिळाले ते करड्या रानकोंबड्यात. जगभरच्या पिंजऱ्यांतली पांढरी लेगहॉर्न पिवळ्या पायांनी उभी असते, ते पाय या घराण्याकडून आलेले आहेत.

मग मामाकडचे हे घराणे जपायला नको का? माणसाने कोंबडी निवडीत निवडीत पार बदलून टाकली. करडी रानकोंबडी एका वेळी चार ते सात अंडी घालते आणि उबवीत बसते. पिंजऱ्यातली वर्षाला तीनशेच्या आसपास घालते, पण खुडूक व्हायचे जवळजवळ विसरली आहे. एका साच्याच्या अशा लाखो कोंबड्या दाटीने ठेवल्या, की रोगाला रान मोकळे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. पोल्ट्रीवाल्यांचे संसार उघड्यावर आले. उद्या नवे बळ हवे झाले, तर ते शोधायला रानातल्या आप्तांकडेच जावे लागेल. तेच उरले नाहीत, तर कुणाकडे जायचे?

कर्नाळ्याचे अभयारण्य १९६८ मध्ये झाले. त्याच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग जातो, आणि भोवतालची वस्ती वर्षागणिक पुढे सरकते आहे. गावठी कोंबडा रानात शिरला, तर रानकोंबडीशी त्याचा संकर होऊ शकतो, आणि मग मूळ वाणच पातळ होत जातो.

म्हणून दिवाळीच्या सुटीत मुलांना कर्नाळ्याला न्याल, तेव्हा सकाळी लवकर जा, गाणी घरी ठेवा, आणि एखादी कोरी वही बरोबर घ्या. काय दिसले, केव्हा दिसले, एवढेच मुलांना लिहू द्या. नॉर्वेच्या त्या मुलाजवळ सुरुवातीला याहून अधिक काही नव्हते.