घरातले जुने शिवणयंत्र पुन्हा कसे चालू करावे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादे जुने शिवणयंत्र कोपऱ्यात पडून असते. कोणी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतो, कोणी टी.व्ही. घर बदलण्याची वेळ आली की त्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो आणि बहुधा भंगारवाल्याला हाक मारून तो सोडवला जातो. काही वर्षांपूर्वी मीही तेच करायला निघालो होतो. त्या वेळी जे घडले व त्यातून जे शिकता आले, ते मंडळाच्या सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी यंत्रांचा जाणकार नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. तेव्हा मला जे जमले ते कोणालाही जमेल, एवढे खात्रीने सांगू शकतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. त्यांचा पगार बंद झाला तो कायमचाच. पुढच्या वर्षी आईने ओळखीच्या शिंप्याकडून जुने सिंगरचे पायमशीन हप्त्याने घेतले. परकर, ब्लाऊज, अभ्रे, शाळेचे गणवेश असे जे येईल ते ती शिवत राहिली. घर त्यावर चालले. माझी बी. ए. पर्यंतची फीसुद्धा त्यातूनच भरली गेली. मी नोकरीला लागल्यावर मशीन थांबले, ते थांबलेच.

घर बदलताना मी एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने चाकाला हात लावला, ते फिरेना. “जाम झालंय, भंगारात घाला,” असे सांगून तो निघून गेला. मी भंगारवाल्याशी दर ठरवला. आई काहीच बोलली नाही. तिने फक्त खण उघडून बॉबिनची डबी काढली आणि आपल्या पिशवीत ठेवली. ते पाहून मी भंगारवाल्याला परत पाठवले.

यंत्राची ओळख

कोणत्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी ते कोणते आहे, हे जाणून घ्यावे. सिंगरच्या जुन्या यंत्रावर उजव्या बाजूला लोखंडात क्रमांक कोरलेला असतो. आमच्या यंत्राचा क्रमांक ‘वाय’ या अक्षराने सुरू होतो. याचा अर्थ ते १९२० किंवा १९३० च्या दशकात स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे तयार झाले. तो कारखाना १९८० साली बंद झाला, पण तेथील रेल्वे स्थानकाचे नाव आजही ‘सिंगर’ आहे. या कंपनीने १८५६ पासून यंत्रे हप्त्याने विकण्याची पद्धत सुरू केली होती. माझ्या आईने हप्ता भरला तो शिंप्याला, पण रीत तीच.

टाका कसा पडतो?

हे एकदा समजले की निम्मी दुरुस्ती समजली. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते. यंत्राच्या सुईचे नेढे मात्र टोकाशी असते. अशी सुई वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत एलियस होवे याला १८४६ साली मिळाले. सुई कापडातून खाली जाते आणि किंचित वर उचलली जाते, तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो. खालच्या शटलची अणी तो फास पकडते व बॉबिनच्या भोवतीने फिरवते. त्यामुळे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात. ही अडकण कापडाच्या दोन थरांच्या मधोमध बसली, तर टीप चांगली. वर किंवा खाली आली, तर बिघाड.

सफाई

यंत्र जाम असल्यास जोर लावू नये. बहुतेक वेळा कोणताही भाग मोडलेला नसतो, जुने तेल वाळून डिंकासारखे झालेले असते. मी यंत्राच्या माथ्यावरील भोकांत व तळाच्या प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडले आणि ते रात्रभर तसेच ठेवले. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास शेगडी वा उदबत्ती नसावी. दुसऱ्या दिवशी चाक बोटभर हलले. पुन्हा थेंब सोडले, पुन्हा हलवले. चौथ्या दिवशी ते अर्धा फेरा फिरले आणि तेथे अडले.

त्यानंतर सुईखालची पत्री काढली. दात्यांमध्ये जुन्या कापडाचा भुसा नमद्यासारखा दाबून बसला होता, तो टाचणीने कोरून काढला. शटल काढले, तर त्याच्या मागे दोऱ्याचा एक तुकडा आवळून बसलेला सापडला. तो चिमट्याने ओढताच चाक पूर्ण फिरले. दुरुस्तीवाल्याने ज्याला भंगार म्हटले होते, ते वीतभर दोऱ्याने अडले होते.

सफाई करताना यंत्रावरील सोनेरी नक्षीला स्पिरिट लावू नये, ती निघून येते. कोरड्या मऊ कापडाने पुसावे.

तेल

रॉकेल हे वंगण नव्हे. ते फक्त मळ सोडवते. म्हणून ते पुसून काढून जेथे लोखंडावर लोखंड घासते, तेथे शिवणयंत्राचे पातळ तेल थेंब-थेंब घालावे. खाद्यतेल कधीही वापरू नये, कारण तेच पुढे चिकट होते. मी हे आईसमोर वाचून दाखवत होतो, तेव्हा ती म्हणाली, “मीच घालायचे गोडेतेल. मशीनच्या तेलाची कुपी आणायची म्हणजे त्या दिवशीची भाजी कमी करायची.” त्यावर मला पुढे वाचता आले नाही.

पट्टा, चाक आणि सुई

पायमशीनचा चामडी पट्टा वर्षानुवर्षे पडून राहिल्याने कडक होतो व तुटतो. नवा पट्टा बाजारात मिळतो. तो मापाने कापून तारेच्या आकड्याने जोडावा. फार ताणल्यास पायडल जड होते, सैल राहिल्यास पट्टा घसरतो. चाक नेहमी आपल्याकडे फिरले पाहिजे. उलट फिरल्यास दोरा गुंततो.

माझी एक चूक येथे सांगतो. सफाईनंतर चाक फिरे, पण सुई हलेना. चाकाच्या मधोमध एक मोठा स्क्रू असतो. बॉबिन भरताना तो सैल करतात, म्हणजे सुई थांबते. त्याच्या आत तीन कान असलेली चकती असते. ती मी चुकीची बसवली होती. काढून अर्धा फेरा फिरवून बसवताच सुई चालू लागली.

सुई नवीनच घ्यावी. घरगुती यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. कारखान्यातील यंत्राची गोल दांड्याची सुई येथे चालत नाही. चपटी बाजू शटलच्या दिशेला ठेवून सुई पूर्ण वर सरकवावी आणि दोरा लांब खाच असलेल्या बाजूने ओवावा. सुती कापडाला १४ क्रमांकाची सुई योग्य, जाड कापडाला १६.

दोऱ्याचा ताण

दोरा ओवताना दाबाचा पाय वर उचललेला असावा. तेव्हाच ताणाच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यात नीट बसतो. कापडाच्या खाली दोऱ्याचे जाळे झाले, तर आपण बॉबिनला दोष देतो. प्रत्यक्षात बहुधा वरचाच दोरा नीट ओवलेला नसतो. बॉबिनचा ताण पाहण्यासाठी दोरा धरून डबी लोंबकळती ठेवावी. ती आपोआप खाली येऊ नये, हलका हिसका दिल्यावरच थोडी घसरावी.

पहिली चाचणी घेताना वर एका रंगाचा आणि खाली दुसऱ्या रंगाचा दोरा घ्यावा. खालचा रंग वर दिसला, तर वरचा ताण जास्त आहे. वरचा रंग खाली दिसला, तर तो कमी आहे. एका वेळी एकच बदल करावा.

दोन इशारेही देतो. यंत्राच्या लोखंडी अंगाला तडा गेला असेल, तर खर्च करू नये. तसेच यंत्राला जुनी विजेची मोटर असेल, तर तिच्या तारांचे आवरण ठिसूळ झालेले असू शकते. ती जाणकार वायरमनला दाखविल्याशिवाय लावू नये.

सर्व जुळले, पण शटलमध्ये बसवायला बॉबिनची डबी नव्हती. आईने पिशवीतून ती काढून दिली. यंत्रावर ती स्वतः बसली. तिचे हात आता थरथरतात, पण पाय पायडलवर पडताच लय आपोआप आली. वीस-पंचवीस टाके पडल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “वरचा ताण जरा जास्त आहे.” तिने कापड पाहिलेही नव्हते, केवळ आवाजावरून ओळखले. मी उलटून पाहिले, तर ते खरे होते.

आता माझी मुलगी सुट्टीत आजीजवळ बसून सरळ टीप घालायला शिकते आहे. विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती, की आपल्या घरातील असे एखादे यंत्र भंगारात देण्यापूर्वी ते ज्यांनी चालवले त्यांना आधी विचारा. रॉकेल, तेल, सुई आणि पट्टा मिळून होणारा खर्च फार नाही. मात्र चार दिवसांचा धीर हवा.