निसर्गदृश्य छायाचित्रणातील उद्भासन

निसर्गदृश्य छायाचित्रणातील उद्भासन : कॅमेऱ्यातील फिल्मवर किंवा अंकीय संवेदकावर पडू दिलेल्या प्रकाशाच्या एकूण मात्रेस उद्भासन म्हणतात, व्यवहारात ‘एक्स्पोजर’ हाच शब्द रूढ आहे. दिलेल्या दृश्यासाठी ही मात्रा भिंगाच्या द्वारकाचे आकारमान आणि झडप उघडी राहण्याचा काळ यांवरून ठरते. द्वारकांक ५·६, ८, ११, १६ असा वाढवीत गेल्यास प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. म्हणून द्वारकांक ८ व १/१२५ सेकंद आणि द्वारकांक ११ व १/६० सेकंद या दोन्ही जोड्यांनी जवळजवळ सारखेच उद्भासन मिळते. जवळचे गवत व दूरचा डोंगर दोन्ही रेखीव हवे असल्यास ८ ते ११ हा द्वारकांक सामान्यतः सोयीचा ठरतो. मात्र त्यामुळे मंद प्रकाशात झडप अधिक काळ उघडी ठेवावी लागते व तिपाईची गरज पडते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक दृश्यापासून परावर्तित होणारा प्रकाश मोजतो आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे मूलतः गृहीत धरतो. नवशिक्याची बरीच चित्रे बिघडतात ती या गृहीतकामुळे. मापक नादुरुस्त असल्यामुळे नव्हे. ठाणे, कल्याण व डोंबिवली हा परिसर या दृष्टीने चांगली पाठशाळाच आहे. मिठागरातील पांढरी रास मापकाच्या सांगण्याप्रमाणे घेतल्यास चित्रात राखेसारखी करडी दिसते. तेथे उद्भासन एक ते दीड पायरी वाढवावे लागते. ठाणे खाडीकाठच्या दाट खारफुटीच्या बाबतीत उलट घडते. तिची काळसर हिरवी पाने फिकट उमटतात, म्हणून उद्भासन कमी करणे इष्ट असते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलात चरणारे रोहित पक्षी हा तर दुहेरी पेच होय. मापक गडद चिखल करडा करू पाहतो आणि त्या प्रयत्नात पक्ष्यांच्या पिसांतील फिकट गुलाबी छटा पूर्ण नाहीशी होते. अलीकडील कॅमेरे चौकटीचे अनेक भाग स्वतंत्रपणे मोजून ही चूक कमी करतात, तथापि ती पूर्णतः टळत नाही.

आकाश व भूमी यांच्या दीप्तीतील तफावत ही दुसरी अडचण होय, आणि ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशास फार संवेदनशील असल्याने त्यांवर आकाश कोरे पांढरे उमटत असे. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६–५७ च्या सुमारास आपल्या अनेक सागरदृश्यांत आकाश व पाणी यांसाठी दोन वेगळ्या व्यस्त प्रती वापरून हा प्रश्न सोडविला. पुढील काळात तीच गरज वरच्या अर्ध्या भागात गडद असलेल्या क्रमछटा गाळणीने भागविली. व्यस्त फिल्मसाठी छायाभागावरून उद्भासन ठरवावे, असा जुना दंडक होता. अंकीय संवेदकाच्या बाबतीत तो जवळजवळ उलटा करावा लागतो. कारण मर्यादेपलीकडे उजळलेल्या ढगातील तपशील कायमचा जातो, तर अंधाऱ्या भागातील पुष्कळसा तपशील नंतर वर आणता येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा दीप्तीचा आलेख उजव्या कडेस आदळत असेल, तर उद्भासन कमी करावे. शंका असल्यास एकाच दृश्याची एकेक पायरीच्या अंतराने तीन चित्रे घेणे श्रेयस्कर. [⟶ छायाचित्रण].

मापक नसताना ‘सोळाचा नियम’ उपयोगी पडतो : स्वच्छ उन्हात द्वारकांक १६ ठेवून, आयएसओ १०० संवेदनशीलतेस सु. १/१०० सेकंद उद्भासन द्यावे. विरळ ढग असल्यास ११, आभाळ भरलेले असल्यास ८ किंवा ५·६ असा द्वारकांक घ्यावा.

उद्भासन अचूक असूनही चित्र निर्जीव वाटते, तेव्हा दोष बहुधा प्रकाशाच्या दिशेचा असतो. सूर्य पाठीशी ठेवावा, हा सल्ला एकाच वेगाची झडप असलेल्या पेटी-कॅमेऱ्यांच्या काळातील आहे. त्याने चित्र हमखास येई, परंतु डोंगर सपाट दिसे. ठाणे सु. १९° १२′ उत्तर अक्षांशावर असल्याने येथे सूर्योदयाची जागा खऱ्या पूर्वेच्या दोन्ही बाजूंस सु. २५° पर्यंत सरकते. डोंबिवलीहून आग्नेयेस दिसणारा मलंगगड त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी प्रकाशाच्या विरुद्ध, केवळ काळ्या आकृतीसारखा दिसतो. हिवाळ्यातील दुपार कलल्यावर मात्र नैर्ऋत्येकडील तिरप्या उन्हात त्याच्या बेसाल्टचे थर व कडे उठून दिसतात. ठाण्यातील उपवन तलावामागील येऊरच्या टेकड्यांवर सकाळचे ऊन समोरून पडते. संध्याकाळी सूर्य त्यांच्याआड जात असल्याने पंचांगातील सूर्यास्तापूर्वीच तलावावर सावली येते. वेळ पाहून निघालेल्याची येथे नेहमी फसगत होते. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळील खाडीवर ही अडचण नाही.

सूर्य ६° उंचीवरून क्षितिजास टेकण्यास संपातदिनी येथे सु. २५ मिनिटे लागतात. ५०° अक्षांशावर हाच काळ सु. ३७ मिनिटे असतो. यूरोपीय हस्तपुस्तकांत वर्णिलेला दीर्घ सोनेरी प्रकाश म्हणूनच येथे शोधू नये. तिपाई व चौकट आधीच सिद्ध ठेवावी. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूंच्या सावल्या पायाखाली जातात. हे मध्यान्ह घड्याळात बारा वाजता नसून साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान असते. डिसेंबरात मात्र भर मध्यान्हीही सूर्य सु. ४७° उंचीवरच असतो, त्यामुळे दुपारचा प्रकाशही वापरण्याजोगा राहतो.

हिवाळी सकाळी धूळ व धूर जमिनीलगत कोंडून राहतात आणि दूरचे डोंगर निळसर व फिके दिसतात. ध्रुवणकारी गाळणी सूर्याच्या दिशेशी काटकोनात रोखल्यास हा फिकेपणा काहीसा कमी होतो. सूर्यासमोर किंवा पाठीशी तिचा विशेष उपयोग होत नाही. पावसाळ्यात, विशेषतः सरी थांबल्यावर, हवा धुऊन निघते व छायाभेद सौम्य होतो. हिरव्या रंगाच्या अनेक छटा अशा झाकोळलेल्या प्रकाशातच वेगळ्या दिसतात. ओल्या पानांवरील चकाकी त्याच गाळणीने काढता येते, परंतु त्यासाठी एक ते दोन पायऱ्या प्रकाश गमवावा लागतो. या ऋतूत चौकटीतील आकाशाचा पांढरा भाग शक्य तितका कमी ठेवावा. घरी परतल्यावर भिंग कोरडे करून सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावे. कोकणातील दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि तिने काचेवरील लेप एकदा खाल्ला की तो पूर्ववत होत नाही.