दोन खोल्यांचा विमा

“आमचे घर ते केवढे! त्याला विमा कशाला?” असे पुष्कळजण म्हणतात. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कोयनानगरची घरे भूकंपाने कोसळली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर चढली. धोक्याची पातळी ४५ फुटांची! वाड्याची भिंत पडली तर वाडा उरतो; दोन खोल्यांची पडली की संसारच उघड्यावर येतो.

१ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भूकंप व पूर दोन्ही येतात. रक्कम धरायची बांधकामाच्या खर्चाची, जागेच्या भावाची नव्हे. म्हणून लहान घराचा हप्ताही लहान. शिवाय घरातील सामानाला त्या रकमेच्या २० टक्क्यांचे संरक्षण आपोआप मिळते.

वाचकहो, पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वीच हा कागद करून ठेवा!