गाडी आपली नाही, दंड मात्र आपल्या नावावर

दंडाची पावती पूर्वी हातात मिळायची. चौकात हवालदार शिट्टी मारायचा, गाडी बाजूला घ्यायला लावायचा आणि पुस्तकातले पान फाडून द्यायचा. ज्याच्या हातात गाडी, त्याच्याच हातात पावती. आता तसे राहिलेले नाही. महाद्वार रोड, बिंदू चौक किंवा लक्ष्मीपुरीत चुकीच्या जागी गाडी उभी दिसली की वाहतूक पोलीस हातातल्या यंत्रावर तिचा फोटो काढतो, नंबर टाकतो आणि त्या नंबरपुढे नोंदलेल्या मोबाईलवर निरोप जातो. उर्दूत आपण ज्याला चालान म्हणतो, तेच हे मराठीतले ई-चलन. मालक समोर असण्याची गरज नाही. सोय चांगली आहे. पण या सोयीबरोबर एक नवी डोकेदुखीही आली आहे. ज्या घरात चारचाकी कधी आलीच नाही, त्या घराला चारचाकीच्या पार्किंगचा दंड येतो!

मोहल्ल्यात शिक्षक राहतात म्हटल्यावर लोक कागद वाचून घ्यायला आणि अर्ज लिहून घ्यायला येणारच. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, दाखल्यावरच्या नावातली चूक यांच्या जोडीला आता असे मोबाईल घेऊनही लोक आमच्याकडे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, “सर, पाचशेच रुपये आहेत, भरून टाकू का? कटकट मिटेल.” आमचे उत्तरही ठरलेले आहे. भरू नका. आधी बघा.

पाचशे रुपयांचा प्रश्न नाही

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून दंडाचे नवे दर लागू झाले. नो पार्किंगला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १५०० रुपये. म्हणजे न केलेल्या चुकीचे पहिले पाचशे मुकाट्याने भरले, तर पुढच्या वेळी आपण ‘पुन्हा गुन्हा करणारे’ ठरू शकतो.

दुसरी गोष्ट अशी, की मोटार वाहन कायद्यात दंड भरून प्रकरण मिटवण्याला तडजोड म्हणतात. तडजोड केली म्हणजे ती गाडी आपली होती आणि चूकही आपली होती, असेच कागदावर राहते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आज ती गाडी नो पार्किंगमध्ये उभी आहे. उद्या तिने कुणाला उडवले किंवा तिच्यातून काही भलतेच नेले, तर पोलीस कुणाच्या दारात येतील? पाचशे रुपयांचे चलन हा खरे तर इशारा असतो. आपले नाव, आपला नंबर कुठेतरी चुकीच्या गाडीला चिकटला आहे, हे त्यातून वेळेवर कळते. तो इशारा पैसे भरून पुसून टाकण्यात शहाणपण नाही.

असे होते कसे?

आमच्या पाहण्यात याची चार कारणे येतात.

पहिले, निरोपच खोटा असतो. व्हॉट्सॲपवर ‘आपले चलन थकले आहे’ असे लिहून सोबत एक फाइल पाठवतात. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती उघडली की मोबाईलमध्ये चोर शिरतो आणि बँकेचे ओटीपीसुद्धा त्याच्या हाती लागतात. चलन बघायला अशी कोणतीही फाइल घ्यावी लागत नाही. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असते. ते नसेल तर लिंकला हात लावू नये. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

दुसरे, चलन खरे असते, गाडीही खरी असते, पण तिच्या नोंदीत मोबाईल नंबर आपला असतो. फॉर्म भरताना शोरूममध्ये किंवा एजंटाकडून एक आकडा चुकतो. किंवा आपले सिमकार्ड पूर्वी दुसऱ्या कुणाचे असते. बंद पडलेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी नव्या गिऱ्हाईकाला देतात. पण जुन्या मालकाच्या गाडीच्या नोंदीत तो तसाच राहतो. मुलीला कॉलेजसाठी नवे सिम घेऊन दिले आणि पहिल्याच महिन्यात ट्रकचे चलन आले, असा प्रकार यातूनच होतो.

तिसरे, नंबर वाचण्यात चूक होते. इंग्रजी आठ आणि बी, शून्य आणि डी, एक आणि सात यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. त्यात आपल्याकडे नंबरप्लेट रंगवण्याची हौस. ८०५५ हे आकडे असे वळवायचे की इंग्रजीत ‘बॉस’ वाचले जावे! बॉस मिरवतो आणि चलन जाते तिसऱ्याच्याच घरी.

चौथे कारण गंभीर आहे. कुणीतरी जाणूनबुजून आपल्या गाडीचा नंबर स्वतःच्या गाडीवर लावलेला असतो.

मोठ्यांनाही चुकले नाही

हे चौथे प्रकरण किती पुढे जाऊ शकते, हे मुंबईत दोनदा दिसले. जानेवारी २०२१ मध्ये उद्योगपती रतन टाटा यांच्या गाडीच्या नंबरवर वाहतूक नियम मोडल्याची चलने येऊ लागली. ती गाडी त्या ठिकाणी गेलीच नव्हती. टाटांच्या कार्यालयाने पोलिसांना तसे कळवले. पोलिसांनी रस्त्यावरचे कॅमेरे तपासले, तेव्हा त्याच नंबरची दुसरी गाडी सापडली. एका महिलेने अंकशास्त्राच्या नादाने शुभ आकडा म्हणून आपल्या गाडीचा नंबर बदलून घेतला होता. तो कुणाचा आहे, याची तिला कल्पनाही नव्हती. माटुंगा पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि दंड खऱ्या गाडीकडे वळला.

दुसरी घटना जानेवारी २०२५ ची. कुलाब्याला ताज हॉटेलजवळ एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच नंबरच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या. खऱ्या मालकाला बरेच दिवस न केलेल्या चुकांची चलने येत होती. त्या दिवशी त्याने ती दुसरी गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि पोलिसांना गाठले. चौकशीत कळले, की दुसऱ्याने कर्जाचे हप्ते थकवले होते. वसुलीवाल्यांना चुकवण्यासाठी त्याने आपल्या नंबरातल्या शेवटच्या इंग्रजी ३ चा ८ केला होता. एका आकड्याचा फरक, आणि भुर्दंड तिसऱ्यालाच.

रतन टाटांकडे कार्यालय होते, वकील होते. तुमच्या-आमच्याकडे ते नसते. पण त्यांच्या कार्यालयाने जे केले, ते आपणही करू शकतो. पैसे भरण्याऐवजी त्यांनी पोलिसांना सांगितले, की ही गाडी आमची नव्हे.

काय करावे?

चलन आले की आधी राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ ॲपवर जावे. निरोपातला चलन क्रमांक टाकला की फोटो दिसतो. फोटो शांतपणे बघावा. गाडीची कंपनी, रंग, काचेवरचे स्टिकर, बंपरवरचा पोचा, मागे लिहिलेला मजकूर, ठिकाण, तारीख आणि वेळ हे सगळे वहीत उतरवून घ्यावे आणि फोटो जपून ठेवावा.

कॅमेऱ्यावरून होणाऱ्या चलनासाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ आणला. अशा चलनात नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, जागा, तारीख, वेळ आणि कोणते कलम मोडले ते असायला हवे, आणि घटनेपासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. फोटोच नसेल किंवा नंबर वाचता येत नसेल, तर ती हरकत आवर्जून घ्यावी.

मग पुरावा गोळा करावा. नंबर आपला पण गाडी आपली नसेल, तर आपल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. आर.सी. बुकाची प्रत काढावी. त्या दिवशी गाडी कुठे होती हे दाखवणारे जे मिळेल ते घ्यावे. फास्टॅगचा हिशेब, गॅरेजची पावती, कामावरची हजेरी, शेजारच्या दुकानाच्या किंवा मशिदीच्या दारातल्या कॅमेऱ्याचे चित्रण, सगळे उपयोगी पडते. कॅमेऱ्याचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते लगेच मागावे.

पुढे तक्रार. ॲपवर आणि संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे, तिथे फोटोंसह ती नोंदवावी. पण एवढ्यावर थांबू नये. कागदावर अर्ज करावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच मिळवावी. उद्या काही झालेच, तर ही पोचच आपली साक्षीदार. नमुना देत आहोत.

*प्रति, मा. पोलीस निरीक्षक, शहर वाहतूक नियंत्रण शाखा, कोल्हापूर.*
*विषय : माझ्याशी संबंध नसलेल्या वाहनाचे ई-चलन रद्द होण्याबाबत.*
*महोदय, दिनांक … रोजी माझ्या मोबाईलवर ई-चलन क्रमांक … आले आहे. त्यातील फोटोत दिसणारे वाहन माझ्या किंवा माझ्या कुटुंबातील कोणाच्याही मालकीचे नाही व कधीही नव्हते. (मोबाईल नंबर चुकला असल्यास : सदर वाहनाच्या नोंदीतून माझा मोबाईल क्रमांक काढावा.) (बनावट नंबरप्लेटचा संशय असल्यास : माझ्या वाहनाचे फोटो सोबत जोडले आहेत. दोन्ही वाहनांतील फरक असा … सदर वाहनाचा शोध घ्यावा.) चौकशी होईपर्यंत दंडाची वसुली करू नये, ही विनंती. सोबत : चलनाची प्रत, आर.सी.ची प्रत, फोटो.*
*प्रत माहितीसाठी : मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, कोल्हापूर.*

चलन पुण्याचे किंवा मुंबईचे असेल, तर अर्ज तिथल्या वाहतूक शाखेकडे करावा. बनावट नंबरचा संशय असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी. अर्जाला आधारकार्डाची प्रत जोडावीच लागली, तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून आडवी सही करावी.

लोकअदालतीची नोटीस आली तर

थकलेली चलने राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवतात. नोटीस आली की घरातली बायामाणसे घाबरतात. घाबरू नये आणि नोटीस फेकूनही देऊ नये. दिलेल्या तारखेला अर्जाची पोच घेऊन जावे. एक मात्र लक्षात ठेवावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली चालणाऱ्या या अदालतीत तडजोड होते आणि तिच्या निवाड्यावर अपील नसते. ज्याची चूक आहे, त्याला ती सोयीची आहे. ज्याची गाडीच नाही, त्याने “दंड कमी करून देतो” या शब्दावर सही करू नये. गाडी माझी नाही, मला तडजोड करायची नाही, असे स्पष्ट सांगावे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. ही गोष्ट आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक असते.

आपली बाजूही तपासू या

इतके सांगितल्यावर आपल्याच मोहल्ल्यातल्या एका सवयीबद्दल बोलायला हवे. जुनी गाडी विकताना आपण टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करतो, पैसे मोजून घेतो, चावी देतो आणि “नावावर करून घ्या, भाई” म्हणून मोकळे होतो. घेणारा ती वर्षानुवर्षे नावावर करत नाही. मग चलन येते, तेव्हा आपण म्हणतो, गाडी माझी नाही. कायदा म्हणतो, तुमचीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती आणि मग तिचा अपघात झाला. तरी ज्याचे नाव आर.टी.ओ.च्या दप्तरात, तोच मालक, असे ठरले आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली.

तेव्हा विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत फॉर्म २९ देऊन आर.टी.ओ.ला कळवावे. घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यावी. घरातल्या नोकरदाराच्या पगारावर कर्ज काढून साडू किंवा मेहुणा गाडी फिरवतो, तिथेही चलन नोकरदारालाच येणार आणि ते खोटे म्हणता येणार नाही. वडिलांचा इंतकाल झाला असेल, तर त्यांची गाडीही वारसांनी वेळेत नावावर करून घ्यावी.

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे आणि तिचा विषय नमाज किंवा रोजा नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा आहे. आपण ती तिलावत करतो आणि गाडीचा सौदा मात्र चहाच्या टपरीवर तोंडी करतो. दुसऱ्याच्या नावावरची गाडी फिरवून तिचे दंड त्याच्या दारात पाठवणे ही साधी आळशीपणाची गोष्ट नाही. त्यात बंद्याचा हक मारला जातो.

एक साधे काम या आठवड्यात करावे. घरातल्या प्रत्येक गाडीच्या नोंदीत कोणाचे नाव आहे आणि कोणता मोबाईल आहे, ते ‘एम-परिवहन’ ॲपवर किंवा आर.टी.ओ.त जाऊन पाहावे. मोबाईल बदलला असेल तर नोंद बदलून घ्यावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल, तर बसवून घ्यावी. तिच्यावर कायमचा क्रमांक कोरलेला असतो आणि ती न तोडता काढता येत नाही, त्यामुळे तिची नक्कल करणे अवघड जाते. आणि चलनांच्या अर्जांच्या पोच आर.सी.च्या पाकिटातच ठेवाव्यात, म्हणजे शोधाशोध होणार नाही.